काम कच्चं असतानाच पाहा: सामाजिक संशोधनाच्या इंटर्नशिपमध्ये विद्यार्थ्यांना मार्गदर्शन कसं करावं

सामाजिक शास्त्रांतली संशोधन इंटर्नशिप सहसा सहा ते दहा आठवड्यांची असते. पहिला आठवडा ओळखीपाळखी आणि वाचनात जातो, शेवटचा अहवाल आणि सादरीकरणात. मधल्या चार ते आठ आठवड्यांत प्रश्न ठरवणं, क्षेत्रकार्य, शब्दांकन (ध्वनिमुद्रण ऐकून मुलाखत शब्दशः लिहून काढणं) आणि विश्लेषण सगळं बसवायचं असतं. एवढ्या वेळात एखादी चूक पंधरा दिवस नजरेआड राहिली, तर ती सुधारायला जागाच उरत नाही.

आणि चुका नजरेआड राहतातच. विद्यार्थी काही लपवत नसतो. आपण चुकतोय हे त्याला कळायला जो अनुभव लागतो, तोच मिळवायला तो आलेला असतो. मुलाखतीत समोरच्याच्या तोंडी आपणच उत्तर घातलं, हे त्याला कुणीतरी ध्वनिमुद्रण थांबवून दाखवावं लागतं. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांमागे माझा आग्रह एकच आहे: विद्यार्थ्याचं काम कच्चं असतानाच पाहा. पहिली मुलाखत झाली की लगेच ऐका, शब्दांकनाची पहिली पाच पानं तपासा, पहिला तक्ता स्वतः मोजून बघा. शेवटच्या अहवालावर लाल पेन चालवणं सोपं असतं, पण त्यातून विद्यार्थी संशोधन शिकत नाही आणि हाती आलेला डेटाही सुधारत नाही.

पुढे उदाहरण म्हणून एकच अभ्यास घेतला आहे: रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका झोप आणि घरकाम यांचा मेळ कसा घालतात.

विद्यार्थी येण्याआधी: प्रश्न लहान करून ठेवा

‘ये, मग बघू काय करायचं ते’ असं म्हणून बोलावलेल्या विद्यार्थ्याचे पहिले दोन आठवडे वाया जातात. प्रश्न पूर्णपणे तुम्हीच ठरवावा असं नाही, पण त्याचं कुंपण तुम्ही घालून ठेवलं पाहिजे. ‘परिचारिका आणि काम-जीवन संतुलन’ हा विषय झाला. त्यावर आठ आठवड्यांत काहीच हाती लागणार नाही. ‘रात्रपाळीनंतरचे पहिले सहा तास परिचारिका कशा घालवतात, आणि त्यातलं काय त्या स्वतः ठरवतात?’ हा प्रश्न झाला. तो घेऊन उद्या कुणाशी बोलायचं हे विद्यार्थ्याला कळतं.

प्रश्न ठरला की कागदावर वेळेचा हिशेब मांडा. बारा मुलाखती, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे नऊ तासांचं ध्वनिमुद्रण. एका तासाच्या शब्दांकनाला सरावलेल्या माणसालाही चार तास लागतात, नवख्याला पाच-सहा सहज. पाच धरले तरी ४५ तास, म्हणजे कामाचे सहा दिवस. एका मुलाखतीला वेळ ठरवणं, जाणं, थांबणं आणि परत येऊन टिपण लिहिणं मिळून अर्धा दिवस जातो. बाराचे आणखी सहा दिवस. एका मुलाखतीच्या कोडिंगला, म्हणजे शब्दांकनातल्या परिच्छेदांना अर्थाप्रमाणे छोटी नावं (कोड) द्यायला, अडीच तास धरले तर तीस तास, म्हणजे चार दिवस. एकूण सोळा दिवस झाले आणि अहवालाचं एक वाक्यही लिहून झालेलं नाही. रद्द झालेल्या भेटी आणि आजारपण यांत धरलेलंच नाही. हा हिशेब केल्यावर बहुतेक मार्गदर्शक बारावरून आठवर येतात, आणि ते योग्यच आहे. आठ नीट घेतलेल्या मुलाखतींतून विद्यार्थी जे शिकेल, ते वीस घाईच्या मुलाखतींतून शिकणार नाही.

सर्वेक्षणाचा मोह इथे आवरा. अल्प काळात नमुना निवड, प्रश्नावलीची चाचणी, डेटा गोळा करणं आणि विश्लेषण हे सगळं एका विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. ज्याला आकडेवारीतच रस आहे त्याला आधीच उपलब्ध असलेला एखादा डेटासेट द्या आणि त्यातला एक नेमका प्रश्न सोडवायला सांगा.

प्रश्न निवडताना स्वतःला एक गोष्ट प्रामाणिकपणे विचारा: याचं उत्तर मला हवं आहे का? तुम्हालाच उत्सुकता नसेल, तर पाचव्या आठवड्यात तुम्ही त्याचे मसुदे वाचणं पुढे ढकलाल. विद्यार्थ्याला ते लगेच जाणवतं.

नैतिक मान्यतेचा अर्ज संशोधन नैतिकता समितीकडे विद्यार्थी येण्याच्या पुष्कळ आधी गेलेला हवा, कारण समित्यांच्या बैठका आपल्या सोयीने होत नाहीत. अर्जात विद्यार्थी मुलाखती घेणार आहे असं स्पष्ट लिहा आणि त्याला कोणतं प्रशिक्षण देणार तेही लिहा. अमेरिकेत १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या बेलमाँट अहवालाने तीन तत्त्वं मांडली: व्यक्तीचा आदर, तिचं हित, आणि न्याय. आजच्या बऱ्याच समित्यांच्या प्रश्नांमागे तीच असतात. विद्यार्थ्याला ती पाठ करायला लावू नका. आपल्याच अभ्यासाला लावून दाखवा: वरिष्ठांनी ‘हिच्याशी बोला’ असं परिचारिकेला सांगितलं, तर तिचा होकार खरंच तिचा आहे का? लहान मुलं, हिंसाचार सोसलेली माणसं, नुकतंच कुणी गमावलेली कुटुंबं यांच्याकडे पहिल्यांदाच काम करणाऱ्या विद्यार्थ्याला एकटं पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. समितीने परवानगी दिली तरीही.

प्रवासाचा आणि फोनचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून जाणार नाही, याची सोय आधीच करा. त्या काळात तुम्ही दोन आठवडे बाहेर असणार असाल, तर दुसऱ्या कुणाला तरी नावानिशी जबाबदारी द्या.

पहिला दिवस: एक पान

पहिल्या दिवशी दोघांनी बसून एक पान लिहायचं. प्रश्न काय, शेवटी काय तयार झालेलं हवं, दर आठवड्याला कोणत्या दिवशी भेटायचं, एरवी संपर्क कसा करायचा, उत्तर किती वेळात मिळेल, सुट्टी कशी कळवायची, डेटा कुणाचा, श्रेय कसं दिलं जाईल. विद्यापीठ क्रेडिटसाठी काही फॉर्म किंवा तासांची नोंद मागत असेल, तर त्याच्या तारखाही इथेच लिहा.

या पानावर विद्यार्थ्याच्या बाजूचाही एक परिच्छेद हवा: मला यातून काय शिकायचं आहे? पुष्कळ जण ‘संशोधन शिकायचं आहे’ एवढंच लिहितात. तिथे थांबू नका. ‘अनोळखी माणसाशी बोलताना मला भीती वाटते, ती घालवायची आहे’ किंवा ‘आर (आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणक भाषा) शिकायचं आहे’ इतकं नेमकं उत्तर येईपर्यंत बोला. मधल्या आणि शेवटच्या मूल्यमापनात तुम्ही हेच पान उघडणार आहात.

पहिला आठवडा: थोडं वाचन, जास्त ऐकणं

चाळीस लेखांचं फोल्डर देऊन विद्यार्थ्याला आठवडाभर कोपऱ्यात बसवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. पाच लेख पुरतात. प्रत्येकाबद्दल त्याने तीनच गोष्टी लिहाव्यात: लेखकाने नेमका कोणता प्रश्न विचारला, कुणाकडून आणि कशी माहिती घेतली, आणि निष्कर्ष त्या माहितीतून खरंच निघतो का. तिसऱ्या प्रश्नावर चांगला तासभर वाद घालता येतो. छापून आलेल्या लेखावरही शंका घेता येते, हे विद्यार्थ्याला त्या तासात पहिल्यांदा कळतं.

लेखांपेक्षाही उपयोगी पडतं ते एखाद्या जुन्या प्रकल्पातलं कच्चं शब्दांकन. त्या वेळच्या संमतीपत्रात तशी मुभा असेल आणि नावं काढलेली असतील तरच द्यायचं. छापील लेखातली दोन ओळींची अवतरणं वाचून विद्यार्थ्याला वाटतं, माणसं अशीच नेटकी बोलतात. खऱ्या शब्दांकनातली अडखळणी, विषयांतरं आणि अर्धी सुटलेली वाक्यं पाहिली की तो स्वतःच्या पहिल्या मुलाखतीला घाबरत नाही.

त्यानंतर त्याला तुमच्या एका मुलाखतीला बरोबर न्या, अर्थात उत्तरदात्याच्या संमतीने. त्याने फक्त ऐकायचं आणि लिहायचं. बाहेर पडल्यावर तुम्ही काही समजावण्याआधी त्याला विचारा: मी कुठे गप्प राहिले, आणि तेव्हा काय झालं?

मुलाखत शिकवणं

इथे रेंगाळणं भाग आहे, कारण बहुतेक इंटर्नशिपचं भलंबुरं इथेच ठरतं.

आधी सराव मुलाखत घ्या. उत्तरदाता तुम्ही व्हा आणि जरा अवघड व्हा: एका शब्दात उत्तरं द्या, विषय सोडून बोला, एखाद्या प्रश्नावर उलट विचारा की ‘हे कशाला हवंय तुम्हाला?’ ध्वनिमुद्रण करा आणि लगेच दोघं मिळून ऐका. पाच-सहा चुका हमखास सापडतात.

पहिली चूक म्हणजे उत्तर सुचवणारा प्रश्न. ‘रात्रपाळीमुळे तुम्हाला खूप थकवा येत असेल ना?’ यावर कोण नाही म्हणेल? त्याऐवजी ‘काल पाळी संपल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत, ते सांगाल का?’ असं विचारलं की थकवा यायचा तर तो स्वतःहून येतो, आणि आला तर तिच्या शब्दांत येतो. दुसरी चूक जोडप्रश्नाची. ‘घरच्यांची मदत होते का आणि तुम्ही समाधानी आहात का?’ याला मिळालेलं ‘हो’ कोणत्या प्रश्नाचं, ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. तिसरी, मोघम उत्तरावर समाधान मानणं. ‘जमवून घेते’ असं परिचारिका म्हणते आणि विद्यार्थी मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. संशोधन नेमकं त्या ‘जमवून घेते’च्या आत दडलेलं असतं. ‘परवाचं उदाहरण सांगाल?’ एवढा प्रश्न पुरतो. चौथी, शांतता सहन न होणं. समोरची व्यक्ती विचार करत असते आणि विद्यार्थी घाबरून पुढचा प्रश्न टाकतो. त्याला मनात पाचपर्यंत मोजायला सांगा. पाचवी, संशोधन प्रश्न जसाच्या तसा विचारणं: ‘तुमच्या कामात तुम्हाला किती स्वायत्तता आहे?’ स्वायत्तता शोधायचं काम आपलं आहे. त्यांना विचारायचं ते काल कुणी काय ठरवलं हे.

यापेक्षा खोल एक अडचण आहे ती अपेक्षेची. १९६३ साली रॉबर्ट रोझेन्थाल आणि कर्मिट फोड यांनी विद्यार्थ्यांना उंदरांवरचा एक प्रयोग करायला दिला. काहींना सांगितलं, तुमचे उंदीर चक्रव्यूहात हुशार आहेत; काहींना सांगितलं, तुमचे मंद आहेत. प्रत्यक्षात उंदरांत तसा काही फरक नव्हता, वाटप यादृच्छिक होतं. तरी ‘हुशार’ उंदरांची कामगिरी सरस नोंदली गेली. विद्यार्थी अप्रामाणिक होते असं समजायचं कारण नाही. जे दिसेल अशी अपेक्षा होती त्याप्रमाणे त्यांची वागणूक आणि नजर वळली. उंदरांच्या बाबतीत हे होतं, तर माणसांशी गप्पा मारताना किती होईल! म्हणून क्षेत्रकार्याला निघण्याआधी विद्यार्थ्याला एका कागदावर लिहायला सांगा: मला काय सापडेल असं वाटतंय? तो कागद जपून ठेवा. विश्लेषणाच्या वेळी तो शेजारी ठेवून विचारायचं, की आपल्याला जे ‘सापडलं’ त्यातलं किती आधीच लिहिलेलं होतं.

संमतीचाही सराव करून घ्या. संमतीपत्र भराभरा वाचून ‘इथे सही’ म्हणणं ही संमती नव्हे. आपण कोण, काय विचारणार, ध्वनिमुद्रण कुणाकडे राहणार, मध्येच थांबवता येतं, उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, हे सगळं विद्यार्थ्याला कागदाकडे न पाहता साध्या भाषेत सांगता आलं पाहिजे. आपल्या आजीला समजेल अशा भाषेत सांग, म्हटलं की त्याची वाक्यं आपोआप सुधारतात.

मग पहिली खरी मुलाखत. ती झाल्यावर पुढच्या मुलाखतीआधी तुम्ही ती ऐकलीच पाहिजे. शब्दांकनाची वाट पाहू नका. वीस मिनिटं ध्वनिमुद्रण ऐकलं तरी चालेल. विद्यार्थी शेजारी असू द्या. एखाद्या ठिकाणी थांबवून ‘इथे तू चुकलास’ म्हणण्याऐवजी ‘या वाक्यानंतर तू हा प्रश्न का विचारलास?’ असं विचारा. बहुतेक वेळा तो स्वतःच म्हणतो, ‘मॅडम, इथे मी तिचं बोलणं तोडलं.’ एका वेळी दोनच सुधारणा सांगा. सात सांगितल्या तर पुढच्या मुलाखतीत त्याचं सगळं लक्ष स्वतःवर राहील, समोरच्या व्यक्तीवर राहणार नाही. आणि जे चांगलं जमलं ते नेमकं दाखवा: ‘मुलाची शाळा सुटायची वेळ विचारलीस, त्यामुळे तिचा पूर्ण दिवस उलगडला.’ नुसत्या ‘छान झाली’तून पुन्हा तसं कसं करायचं ते कळत नाही.

क्षेत्रकार्याचे दिवस

फील्ड डायरी रोज त्याच दिवशी लिहायची. दोन भाग वेगळे ठेवायचे: काय दिसलं-ऐकलं, आणि मला काय वाटलं. ‘ती अस्वस्थ होती’ हे दुसऱ्या भागात. ‘बोलताना तिने तीनदा घड्याळ पाहिलं’ हे पहिल्यात. हा फरक नवख्यांना आठवडाभर जमत नाही, म्हणून सुरुवातीच्या नोंदी रोज वाचा आणि समासात प्रश्न लिहा. पुढे आठवड्यातून दोनदा वाचल्या तरी पुरे.

सुरक्षिततेचे नियम साधे आणि न वाकवता येणारे ठेवा. कुठे जातोय, कुणाला भेटतोय, कधी परतणार हे आधी कळवायचं, आणि परतल्यावर संदेश टाकायचा. ठरल्या वेळेनंतर ठरावीक मिनिटांत संदेश आला नाही तर तुम्ही फोन करायचा. अस्वस्थ वाटलं तर कारण न देता मुलाखत सोडून यायची, आणि त्याबद्दल नंतर कुणीही जाब विचारणार नाही, हे तोंडी सांगा. पुष्कळ विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, ‘डेटा जाईल’ म्हणून नको त्या ठिकाणी बसून राहतात. एक मुलाखत गेली तर जाऊ द्यायची.

मनावर येणाऱ्या ओझ्याबद्दलही बोला. परिचारिकांच्या झोपेबद्दल विचारायला गेलेल्या विद्यार्थ्यासमोर एखादी आपल्या देखरेखीखाली दगावलेल्या रुग्णाबद्दल बोलताना रडू शकते. त्या क्षणी थांबायचं, ध्वनिमुद्रण बंद करू का विचारायचं, आणि हवी असेल तर मदत कुठे मिळते ते सांगणारा कागद द्यायचा. तो कागद आधी तयार हवा. परत आल्यावर विद्यार्थ्यालाही बोलायला कुणीतरी हवं असतं. त्या दिवशी शब्दांकनाचा विषय काढू नका.

आठवड्याची बैठक

ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, पाऊण तास. विद्यार्थ्याने आदल्या संध्याकाळी अर्ध्या पानाचं टिपण पाठवायचं: काय केलं, कुठे अडलं, तुमच्याकडून कोणता निर्णय हवा. ‘अडलं’चा रकाना सलग दोनदा रिकामा आला तर समजा, की एकतर काम फार सोपं आहे किंवा तो सांगायला कचरतोय.

बैठकीत प्रगतीचं तोंडी वर्णन ऐकण्यात वेळ घालवू नका. काहीतरी प्रत्यक्ष समोर उघडा, मग ते शब्दांकनाचं पान असो, कोडिंगची यादी असो की तक्ता. ‘शब्दांकन चालू आहे’ आणि ‘हे बघा शब्दांकन’ यांत किती अंतर असतं, ते फाइल उघडल्यावरच कळतं. शेवटी कुणी काय कधीपर्यंत करायचं ते विद्यार्थ्यानेच लिहून पाठवायचं. तुमच्याकडून जे यायचं आहे त्याची तारीखही त्यात हवी, आणि ती तुम्हीही पाळायची.

बरोबर मध्यावर एक बैठक कामाऐवजी कामाच्या पद्धतीबद्दल ठेवा. पहिल्या दिवसाचं पान उघडा. प्रश्न अजून लहान करायचा असेल तर तो आत्ताच करा.

डेटा: मूळ फाइलला हात नाही

मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त वाचण्यापुरती. काम तिच्या प्रतीवर. फाइलच्या नावात उत्तरदात्याचा क्रमांक आणि तारीख, नाव कधीच नाही. नाव आणि क्रमांकाची जोडयादी वेगळ्या जागी, पासवर्ड लावून. काय बदललं, का बदललं, याची नोंदवही. आकडेवारीचं काम शक्यतो संगणकाला लिहून दिलेल्या आदेशांतून करवून घ्या, म्हणजे पायऱ्या पुन्हा चालवून पाहता येतात.

ही शिस्त का, हे सांगायला एक खरी घटना उपयोगी पडते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं होतं, की सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्का होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातल्या स्वाध्यायासाठी ते आकडे पुन्हा काढायचा प्रयत्न केला. ते जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली, त्यांनी ती दिली, आणि त्यात दिसलं की सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले आहेत. त्याशिवाय काही वर्षांचा डेटा वगळला होता आणि देशांना दिलेलं वजनही वादग्रस्त होतं. सगळं दुरुस्त केल्यावर हर्नडन आणि त्याचे शिक्षक मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन यांनी २०१३ मध्ये तो आकडा २.२ टक्के इतका काढला. विद्यार्थ्याला यातून दोन गोष्टी सांगा. नावाजलेल्या माणसांच्याही फाइलमध्ये चूक असते. आणि मूळ फाइल उपलब्ध होती म्हणूनच ती सापडली.

नाव काढलं म्हणजे ओळख लपली, हा आणखी एक गैरसमज. लॅटन्या स्वीनी यांनी २००० साली अंदाज मांडला होता, की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना फक्त पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग यांवरून एकमेव म्हणून ओळखता येईल. ‘४८ वर्षांची, अतिदक्षता विभागातली, जुळ्या मुलींची आई’ असं वर्णन केलं की त्या रुग्णालयातल्या प्रत्येकाला ती कोण हे कळेल. प्रत्येक अवतरण वापरण्याआधी विद्यार्थ्याला विचारा: तिच्या सहकाऱ्याने हे वाचलं तर?

विश्लेषण

पहिली दोन शब्दांकनं तुम्ही आणि विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे कोड करायची आणि मग शेजारी ठेवायची. एकाच परिच्छेदाला त्याने ‘थकवा’ म्हटलं आणि तुम्ही ‘अपराधी भावना’, तर तिथे थांबून बोला. दोघांचं किती जुळतं ते आकड्यात मांडायचं असेल तर जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा हा निर्देशांक वापरता येतो, पण एवढ्या छोट्या कामात आकड्यापेक्षा चर्चाच जास्त शिकवते. त्यातून प्रत्येक कोडची व्याख्या लिहून घ्या: यात काय येतं, काय येत नाही, आणि एक नमुना वाक्य.

नवख्यांचे कोड विषयांची नुसती यादी होतात: झोप, मुलं, नवरा, पैसे. त्याला पुढे ढकलायला एक प्रश्न पुरतो: ‘झोपेबद्दल काय?’ ‘झोप सर्वांत शेवटी येते’, ‘झोपेची परवानगी मागावी लागते’ अशी उत्तरं आली की विश्लेषण सुरू झालं. मग त्याला चित्रात न बसणारी मुलाखत शोधायला लावा. आठांपैकी सात जणी एक सांगत असतील आणि एक वेगळंच, तर त्या एकीवर त्याने पानभर लिहावं.

एआयच्या साधनांबद्दल नियम पहिल्याच आठवड्यात सांगा. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण किंवा शब्दांकन बाहेरच्या सेवेत टाकणं हे संमतीपत्रात लिहिलेलं नसेल तर ते करायचं नाही. परवानगी असलेल्या साधनाने शब्दांकन केलं, तर विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रण ऐकत ते पूर्ण तपासायचं. कोडिंग यंत्रावर सोपवू नका, कारण इंटर्नशिपमध्ये जे शिकायचं असतं त्यातलं बरंचसं तिथे असतं. कुठे काय वापरलं ते अहवालात नोंदवायचं.

लेखन शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका

पद्धतीचा भाग तिसऱ्या आठवड्यातच लिहून होतो, कारण काय केलं ते तेव्हा ताजं असतं. निष्कर्षाचं पहिलं पान चार मुलाखतींनंतर लिहायला लावा. ते चुकीचं निघेल, आणि निघालेलं बरं. मसुद्यावर शेरे मारताना आधी युक्तिवाद, मग पुरावा आणि शेवटी भाषा. पहिल्याच फेरीत ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसलात तर विद्यार्थी तेवढंच दुरुस्त करून परत पाठवेल. परिच्छेद स्वतः लिहून देऊ नका; एक वाक्य बदलून दाखवा आणि बाकीचं त्याला करू द्या.

बिघडलं तर

मुलाखती मिळत नसतील तर एका आठवड्यापेक्षा जास्त वाट पाहू नका. प्रश्न बदला किंवा माणसांपर्यंत जायचा मार्ग बदला. विद्यार्थी अचानक गप्प झाला, तर ईमेलवर ईमेल न पाठवता भेटा किंवा फोन करा आणि कामाच्या आधी तब्येत विचारा. परीक्षा, घरचं आजारपण, पैशांची अडचण, काहीही असू शकतं.

डेटा बनावट असल्याची शंका आली, म्हणजे ध्वनिमुद्रण नाही, उत्तरं एकसारखी, वेळा जुळत नाहीत, तर आधी कच्ची सामग्री बघा आणि मग एकट्याला बोलावून शांतपणे विचारा. पुष्कळदा यामागे ‘आठ झाल्याच पाहिजेत’ हे दडपण असतं, आणि ते दडपण कुणी आणलं हेही पाहायला हवं. पण शंका खरी ठरली तर तो डेटा वापरायचा नाही आणि संस्थेच्या नियमाप्रमाणे कळवायचं. तिथे दयामाया दाखवून झाकाझाक करणं हा त्या अभ्यासाला वेळ देणाऱ्या माणसांवर अन्याय आहे. पहिल्या दिवशीच ‘चार झाल्या तरी चालतील, पण खऱ्या हव्यात’ असं सांगून ठेवलं, तर ही वेळ क्वचितच येते.

शेवटचा आठवडा: श्रेय आणि हस्तांतरण

हर्नडनच्या त्या शोधनिबंधावर विद्यार्थ्याचं नाव पहिलं होतं, शिक्षकांची नंतर. प्रत्येक इंटर्नशिपमधून निबंध निघत नाही, पण विद्यार्थ्याने केलेलं काम पुढे कुठे छापलं जाणार असेल तर त्याचं नाव कुठे येईल, हे आधी ठरल्याप्रमाणे व्हायला हवं. वाद टाळायला योगदान नोंदवण्याची क्रेडिट (CRediT) ही पद्धत उपयोगी आहे. तीत संकल्पना, डेटा गोळा करणं, विश्लेषण, लेखन असे योगदानाचे १४ प्रकार आहेत. दोघांनी आपापल्या नावापुढे खुणा करायच्या आणि मग चर्चा करायची. नुसतं शब्दांकन केलं असेल तर आभारात नावानिशी उल्लेख, प्रश्न आणि विश्लेषण घडवलं असेल तर सहलेखक, हा माझा साधा निकष.

सादरीकरणाला तुमच्या गटातले इतर संशोधक असावेत आणि त्यांनी खरे प्रश्न विचारावेत. विद्यार्थ्याला ‘हे माझ्या डेटातून सांगता येणार नाही’ असं उत्तर द्यायची सवय आधीच्या सरावात लावा. मुलाखती दिलेल्या परिचारिकांना एका पानाचा सारांश साध्या भाषेत पाठवायचा असेल, तर तोही याच आठवड्यात लिहून घ्या. विद्यार्थी गेल्यावर तो कुणी लिहीत नाही.

लेखी मूल्यमापन देताना पहिल्या दिवसाच्या पानावरची वाक्यं घेऊन एकेकाबद्दल लिहा, उदाहरणासह. मग त्यालाही विचारा, की माझ्याकडून काय कमी पडलं. समोरासमोर सांगणं जड जातं, म्हणून ते लिहून द्यायला सांगा आणि त्याचं मूल्यमापन त्याच्या हातात पडल्यानंतरच घ्या.

शेवटच्या दिवशी यादी घेऊन बसा: सगळ्या फाइल संस्थेच्या जागी आल्या का, नोंदवही पूर्ण आहे का, विद्यार्थ्याच्या फोनमधून, लॅपटॉपमधून आणि क्लाउडमधून ध्वनिमुद्रणं पुसली का. हे दोघांनी एकत्र बसून तपासा. आणि शिफारसपत्र वर्षभराने मागितलं जाणार असलं, तरी त्याच्यासाठीची टिपणं आजच लिहून ठेवा: कोणत्या मुलाखतीत त्याने काय नेमकं विचारलं, कोणता निष्कर्ष त्याने स्वतःहून मागे घेतला, कोणत्या आठवड्यात त्याचं लेखन सुधारलं.